गेलेले चढाईपटू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेले चार दिवस आपण थोर विषय ऐकलेत. एका वक्त्यांनी बिंबाजी भोसल्यांच्या रतनपूरच्या कारभाराविषयी सांगितले, दुसऱ्यांनी नाट्यसंगीताचे मर्म उलगडले. आमच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘यू मुम्बा संघाने गमावलेले चढाईपटू’ असे उत्तर दिले. चिटणीस क्षणभर थांबले आणि निमंत्रणपत्रिकेत त्यांनी ‘क्रीडाविषयक चिंतन’ असे छापून टाकले. चिंतनाचा आव आमच्याने आणवणार नाही. आपल्या मंडळाच्या वाचनालयात, दूरदर्शनसंचासमोर, २०१४ पासून जो वाद दरवर्षी पेटतो आणि ज्यात आम्ही स्वतः वाजवीपेक्षा अधिक आवाज चढवला आहे, त्या वादाची हकीकत सांगावी एवढाच हेतू आहे.

ज्यांना या वादाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. प्रो कबड्डी स्पर्धा २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात सुरू झाली. आपण लहानपणी ज्याला हुतूतू म्हटले आणि इथल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांची मुले ज्याला खुडुवा म्हणत, तोच हा खेळ आता गादीवर, झगझगीत दिव्यांखाली, तीस सेकंदांच्या चढाईने खेळला जाऊ लागला. लोणाला ‘ऑल आउट’ म्हणू लागले तेव्हा आमच्या पिढीस थोडे दुखले, पण निदानरेषा तीच, मध्यरेषा तीच आणि सात गडीही तेच. प्रारंभी आठ संघ होते, त्यांत महाराष्ट्राचे दोन : मुंबईचा यू मुम्बा आणि पुण्याचा पुणेरी पलटण. रायपूरचा संघ नव्हता, आजही नाही. तेव्हा आपल्यासारख्यांनी कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहिला. ज्यांच्या घराण्याची मुळे कोकणात वा मुंबईत होती ते यू मुम्बाचे झाले. देशावरचे लोक पलटणीकडे गेले. नागपूर-भंडाऱ्याकडच्या मंडळींनी विदर्भाचा संघ नाही म्हणून काही काळ उपोषणच धरले व पुढे मुंबईला जवळ केले. आमच्यापैकी कित्येकांनी वरळी पाहिलेलीही नव्हती. पण निष्ठा जडायला पाहावे लागतेच असे कोठे आहे?

आणि मुंबईने पहिल्या तीन हंगामांत निष्ठेचे सार्थकही केले. तिन्ही वेळा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २०१४ मध्ये जयपूरकडून हार झाली, २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळाले आणि २०१६ च्या आरंभी पाटण्याने अवघ्या तीन गुणांनी ते हिरावून घेतले. कर्णधार होता अनुप कुमार. हा हरियाणाचा गडी चढाईस निघाला की घाई नावाची वस्तू त्याच्या अंगी नसे. बोनसरेषेपाशी पाय टाकून, एक गुण गाठीला बांधून, पाहुण्यासारखा शांतपणे परत येई. त्याच्या जोडीला रिशांक देवाडिगा, शब्बीर बापू हे चढाईबहाद्दर. आमच्या वाचनालयात तेव्हा एकमत होते. संघ एकत्र असतो तोवर प्रेक्षकांतही एकमत असते.

या व्यवस्थेतील एक नियम मात्र तेव्हा आम्हांस नीट उमगला नव्हता. येथे गडी संघाचा कायमचा नसतो. करार ठरावीक मुदतीचा. हंगाम संपला की संघाने काही मोजके खेळाडू राखावेत आणि उरलेल्यांनी लिलावात उभे राहावे. प्रत्येक संघाच्या थैलीत सारखीच रक्कम. जुन्या संघाला अखेरची बोली जुळवून आपला गडी परत घेण्याची मुभा असते, पण ती रक्कम त्याच थैलीतून काढावी लागते. २०१७ साली स्पर्धा बारा संघांची झाली, तेव्हा तर जुन्या संघांना एकेकच खेळाडू राखता आला. मुंबईने अनुपला राखले. रिशांक ४५ लाखांस उत्तर प्रदेशच्या नव्या संघाकडे, यूपी योद्धाकडे गेला. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, अनुपलाही मुंबईने राखले नाही; तो ३० लाखांस जयपूरकडे गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. २०१६ साली भारताला विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार मुंबईच्या केशरी गणवेशात निरोप न घेता गेला, ही गोष्ट आमच्यातील काहींनी अजूनही माफ केलेली नाही.

त्याच २०१८ च्या लिलावात मुंबईने ३६ लाख ४० हजारांस एक नवखा मुलगा घेतला : कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई. उंचापुरा, बळकट, आणि तीन-तीन पकडपटूंना ओढीत मध्यरेषेपर्यंत येणारा. पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण त्याने मिळवले. चंदगडचा मुलगा मुंबईकडून खेळतो म्हटल्यावर आमच्या वाचनालयात कोकण, देश आणि विदर्भ पुन्हा एक झाले. आमच्या एका स्नेह्यांनी तर त्याचे चित्र वर्तमानपत्रातून कापून मंडळाच्या सूचनाफलकावर, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीशेजारी लावले. त्या हंगामात बाद फेरीत मुंबईची गाठ कोणाशी पडावी? ज्या यूपी योद्धा संघात रिशांक होता त्याच्याशीच. डिसेंबरअखेरीस कोचीला ३४-२९ असा पराभव झाला. घरून गेलेल्याने घराचा घास घेतला, असे आमच्यातील एक निवृत्त रेल्वे अधिकारी उद्गारले.

आणि एप्रिल २०१९ मध्ये सिद्धार्थ गेला. हैदराबादच्या तेलुगू टायटन्स संघाने १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली ठरली. सूचनाफलकावरचे चित्र दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढले. कोणी ते विचारू नये, कारण तो अपराधी या क्षणी आपल्यासमोर बोलत आहे.

येथून वादाला खरा आरंभ झाला. त्यात मुख्यतः दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, चढाईपटू गेला की संघ गेला. पकड करणारे कितीही खंबीर असोत, गुण आणायला पलीकडे जावेच लागते, आणि एकट्याने, दम न सोडता, सात जणांत जाऊन परत येणारा माणूस बाजारात रोज मिळत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्होरके एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते कागदपेन्सिल घेऊनच बसत. त्या वर्षी संघाची थैली ४ कोटी ४० लाखांची. एका गड्यावर १ कोटी ४५ लाख खर्चले म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. उरलेल्या पैशांत बाकीचा सगळा संघ उभा करायचा. “प्रपंच असा करतात का?” असा त्यांचा सवाल असे.

निकाल पाहता त्या वर्षी पेन्सिल जिंकली, हे कबूल केले पाहिजे. सिद्धार्थने तेलुगू संघाकडूनही पुन्हा दोनशेचा पल्ला ओलांडला, पण तो संघ बाद फेरीत पोहोचला नाही. मुंबई मात्र त्याच्याविना, फझल अत्राचली या इराणी कोपरारक्षकाच्या पकडींवर आणि नव्या चढाईपटूंच्या जोरावर उपांत्य फेरीत गेली आणि बंगालकडून केवळ दोन गुणांनी हरली. एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. पण पेन्सिलवाल्यांनी त्यावरून एक सिद्धांत काढला की चढाईपटू कोणताही चालतो, बदलून मिळतो. आमच्या मते मुंबईच्या संघचालकांनाही तोच मोह पडला असावा. २०२१ साली अर्जुन देशवाल गेला. हा मुलगा दोन हंगाम मुंबईच्याच राखीव बाकावर आणि मैदानावर वाढलेला. जयपूरने त्याला ९६ लाखांस घेतले. पुढच्याच वर्षी व्ही. अजित कुमार हाही मुंबईचा चढाईपटू जयपूरला जाऊन मिळाला, आणि अभिषेक सिंग हैदराबादकडे गेला. त्यानंतरचे चित्र असे : २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हंगामापासून सलग तीन हंगाम मुंबईला बाद फेरीचे दार उघडता आले नाही, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी जयपूरने पुण्याला ३३-२९ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. विजयी संघात अर्जुन होता, अजित होता. अर्जुन त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. चढाईचे त्याचे गुण २९६. आणि हा सामना झाला कोठे? वरळीला. जेथून ते दोघे गेले त्याच गावात.

आमचा निर्णय आम्ही तेव्हाही सांगितला होता व आजही सांगतो. २०१९ मध्ये सिद्धार्थला जाऊ देणे हिशेबाला धरून होते. २०२१ मध्ये अर्जुनला जाऊ देणे ही चूक होती. पूर्ण किंमत चढलेला गडी आणि किंमत चढू लागलेला गडी यांत फरक असतो, आणि तो ओळखणे हेच संघचालकाचे काम. सिद्धार्थची बोली २०२१ मध्ये १ कोटी ३० लाखांवर आली आणि त्या हंगामात दुखापतीने तो फार थोडे सामने खेळला. चढाईपटूचे शरीर हेच त्याचे भांडवल. घोटा, गुडघा, खांदा रोज सात जणांच्या हवाली करायचा. त्याच्या उमेदीची वर्षे बोटांवर मोजण्याइतकी असतात. हे ध्यानात घेतले म्हणजे त्याने मोठ्या बोलीकडे जावे की नाही हा प्रश्न आम्हांस तरी अवघड वाटत नाही.

तथापि २०१९ साली तो आम्हांस फारच सोपा वाटत होता, आणि तोही उलट्या बाजूने. “बेइमान” हा शब्द वाचनालयात त्या संध्याकाळी उच्चारला गेला. तेव्हा कोपऱ्यात मासिके चाळीत बसलेल्या आमच्या एका भगिनी मान वर न करता म्हणाल्या, “गेल्या महिन्यात आमच्या थोरल्याला बंगळुरूला दुप्पट पगार मिळाला, तेव्हा याच टेबलावर तुम्ही पेढे खाल्लेत.” कोणी काही बोलले नाही. संचातील आवाज तेवढा मोठा करण्यात आला.

त्या एका वाक्याने आमची झोप उडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण ते वाक्य मनातून गेले नाही हे खरे. आपण सगळे कोण आहोत? आपल्यातील काहींचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर या मुलखात आले, काहींचे आजोबा मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारी नोकरीत नागपूरहून बदलून आले, काही रेल्वेत, काही शाळांत, काही भिलाईचा कारखाना उभा राहताना आले. अधिक पगार, अधिक सन्मान किंवा निदान पोटापुरती भाकरी जेथे मिळाली तेथे आपण गेलो. मागे राहिलेल्या गावात कोणीतरी आपल्या आजोबांविषयीही ‘गेला तो गेला’ असे म्हटलेच असेल. आणि आता आपल्याच मुलांची नावे मंडळाच्या सभासदयादीतून एकेक करून पुण्याच्या, हैदराबादच्या, अमेरिकेच्या पत्त्यांवर जात आहेत. या सभागृहातील नाटकात नायकाचे काम करायला तिशीतला माणूस मिळत नाही, म्हणून आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांना मिशा काळ्या कराव्या लागतात.

मराठी प्रेक्षकाला हा अनुभव नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. आपले रायपूर ज्या प्रांतात होते त्या मध्यप्रांत-वऱ्हाडने निपजवलेला सर्वांत मोठा खेळाडू कोण, तर कर्नल सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, १८९५ चा. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे १९३२ मधील कर्णधार. ते १९२३ मध्येच होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले. पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्या काळात आपल्या प्रांताच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर पाहा. १९४८ साली पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. पण ते महाराष्ट्रापुरते राहिले नाहीत. बडोदे, होळकर, रेल्वे अशा अनेक संघांकडून ते खेळले. महूच्या छावणीत नेमणुकीस असलेल्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढल्या होत्या. त्या काळी थैली संस्थानिकाची असे, एवढाच फरक. पुढे संस्थाने गेली आणि कबड्डीत ती जागा बँका, रेल्वे आणि तेलकंपन्यांनी घेतली. खेड्यातल्या संघाचा चांगला चढाईपटू मुंबईत नोकरीला लागे आणि गावचा संघ त्याच दिवशी लंगडा होई. रिशांकही भारत पेट्रोलियमचाच खेळाडू. मग लिलावालाच एवढे वाईट का म्हणावे? निदान तेथे बोली उघड होते.

मात्र यावर आमचे बँकवाले मित्र जे म्हणाले तेही टाकून देण्यासारखे नाही. ते म्हणाले, “नोकरीला गेलेल्या मुलाच्या नावाने आपण तिकिटे काढीत नाही. संघ आपल्याला सांगतो की हा तुमचा संघ, तुमच्या शहराचा. आपण त्यावर जीव लावतो. मग संघ एप्रिलमध्ये जीव लावलेल्या माणसाला यादीतून वगळतो, आणि राग धरायचा तो त्या माणसावर?” हे बोलणे बरोबर होते, आणि त्यामुळेच आमचा राग आजवर चुकीच्या दारी उभा होता हे ध्यानात आले. लिलावातला गडी बहुधा स्वतः निघून जात नाही. त्याला आधी सोडलेले असते. सिद्धार्थला राखलेल्यांच्या यादीत घालणे न घालणे त्याच्या हाती नव्हते. आम्ही मात्र त्याचे चित्र फाडले आणि संघाचा ध्वज तसाच ठेवला.

आता पुण्याकडे वळू, कारण आमच्यातील देशावरची मंडळी इतका वेळ मनातून सुखावली असतील. पुणेरी पलटणीने निराळा मार्ग धरला. अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातील मुलगा आणि मोहित गोयत हा हरियाणाचा, या दोघांना त्यांनी नवोदित म्हणून २०२१ च्या हंगामात घेतले आणि राखले. अनुप कुमार त्या वेळी पुण्याचा प्रशिक्षक होता. मुंबईचा जुना कर्णधार पुण्याची पोरे घडवतो आहे, हे पाहून आमच्या वाचनालयातील दोन्ही पक्षांची पंचाईत झाली. या दोघांच्या जोडीला पंकज मोहिते होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिले अजिंक्यपद मिळवले, कर्णधार अस्लम. हरियाणाकडून त्या हंगामात कोण खेळत होते? सिद्धार्थ देसाई. हरियाणाने त्याला १ कोटीस घेतले होते. आमच्यापैकी जे मुंबईचे, त्यांना त्या दिवशी जल्लोष करावा की हळहळावे हे कळेना, म्हणून त्यांनी चहा मागवला.

माणसे राखून संघ बांधावा हा धडा पुण्याने दिला असे आमचे मित्र छातीठोकपणे सांगत. त्यात एक मेख आहे, ती त्यांनी पाहिली नाही. नवोदित खेळाडूला नियमाने ठरवलेल्या मानधनावर राखता येते, आणि ते मानधन खुल्या लिलावातील बोलीच्या मानाने बरेच कमी असते. म्हणजे आपण ज्याला संघाची निष्ठा म्हणतो तिची किंमत पुष्कळदा खेळाडूच्या खिशातून जात असते. घराला धरून राहिलेल्या धाकट्या भावाचे आपण जसे कौतुक करतो आणि त्याला वाटणीत काय मिळाले ते विचारीत नाही, तसेच हे. शिवाय पुण्याचे अजिंक्यपद केवळ घरच्या पोरांवर आलेले नव्हते. मोहम्मदरझा शादलुई या इराणी खेळाडूसाठी त्यांनी २ कोटी ३५ लाख मोजले होते. पुढच्याच लिलावात, ऑगस्ट २०२४ मध्ये, तो २ कोटी ७ लाखांस हरियाणाकडे गेला. त्या हंगामात अस्लम दुखापतीने बाहेर बसला, पुणे बाद फेरीत पोहोचले नाही, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून करंडक उचलला. शादलुई हंगामातील सर्वोत्तम खेळाडू. सामन्याचे ठिकाण : बालेवाडी, पुणे. दोन वर्षांपूर्वी वरळीत मुंबईकरांनी जे पाहिले तेच पुणेकरांनी आपल्या अंगणात पाहिले. त्या रात्री कोकणपक्षाने देशपक्षाला स्वतःच्या खर्चाने जेवू घातले.

पुणे पुन्हा उभे राहिले, हे सांगितले पाहिजे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी अस्लमचाच संघ अंतिम सामन्यात होता. दिल्लीने ३१-२८ असे हरवले. आणि दिल्लीच्या गोटात फझल अत्राचली होता, जो आधी मुंबईचा होता आणि मधल्या काळात पुण्याचाही. या फझलची गोष्ट तर कोणत्याही निष्ठावादी माणसाला चक्कर आणील अशी आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले. आशियाई स्पर्धेत १९९० पासून अखंड चालत आलेली आपल्या पुरुष संघाची सुवर्णपरंपरा तेथे तुटली; आम्ही त्या दिवशी जेवलो नाही. फझल त्या इराण संघात होता. दोन महिन्यांच्या आत तोच मुंबईच्या गणवेशात उतरला आणि त्याने पहिली पकड केली तेव्हा आम्ही खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. आपला कोण आणि परका कोण, हे ठरवणारे आम्ही कोण?

येथे थांबता आले असते. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत हे भाषण छापले जाणार आहे असे कळले, म्हणून एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. तरुण श्रोत्यांना ती ठाऊक नाही आणि आमच्या वयाचे लोक ती मुद्दाम काढीत नाहीत.

आपल्या मंडळाचा एके काळी कबड्डीचा संघ होता. मैदान मातीचे, रेषा चुन्याच्या, आणि बाद झालेला गडी बसायला एक मोडके बाकडे. आम्ही उजवा कोपरा सांभाळीत असू. आमचा चढाईपटू तात्यापाऱ्यातला एक मुलगा होता. अंगाने काटक, पायाने विलक्षण चपळ. त्याची चढाई पाहायला मराठी न कळणारे शेजारीही येत. ज्या वर्षी गणेशोत्सवातील सामन्यांत आम्ही जिंकणार हे सर्वांनी गृहीत धरले होते, त्या वर्षी सामन्यांच्या तीन आठवडे आधी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “मी त्यांच्याकडून खेळणार आहे.” ते म्हणजे शहरातल्या एका कामगारांचा संघ. का, हे त्याने सांगायला सुरुवात केली. आम्ही ऐकून घेतले नाही. ‘मंडळाचे मीठ’ वगैरे काही शब्द आम्ही वापरले. ते आठवले की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

अंतिम सामन्यात गाठ त्यांच्याशीच पडली. शेवटची चढाई त्याची होती. आमची साखळी बरोबर बसली, त्याचा घोटा आमच्या दोन्ही हातांत आला होता. त्याचा दम आम्हांस ऐकू येत होता, एकसारखा, न तुटता. तो पोटावर पडला, हात लांबवला आणि त्याची बोटे चुन्याच्या रेषेला लागली. पंचांनी तीन गुण दिले. आम्ही हरलो. आम्ही त्याच्याशी बोलणे टाकले. आमच्यामुळे आणखी चारजणांनी टाकले. आणि मंडळ लहान असल्यामुळे चारजणांनी बोलणे टाकले की दार बंद झाल्यासारखेच होते. तो मंडळात येईनासा झाला.

त्याला त्या संघाच्या वतीने रोजंदारीचे काम मिळाले होते आणि काम हवे तर खेळावे लागेल अशी अट होती, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ वर्षांनी त्याच्या थोरल्या बहिणीकडून कळली. वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. हे सगळे तो त्या दिवशी सांगायला आला होता. आमच्या संघाने त्याला कधी काय दिले होते? सामन्यानंतर भजी आणि चहा. त्याला राखण्यासाठी आम्ही काही बोली केली होती, असे आम्हांस स्मरत नाही.

मंडळाच्या दशवार्षिक अहवालात आमच्या संघाचे छायाचित्र छापले गेले. त्याखालची नावे लिहून देण्याचे काम आमच्याकडे होते. डावीकडून चौथ्या गड्याचे नाव आम्ही लिहिले नाही. तेथे तिसऱ्यानंतर एकदम पाचवे नाव आहे. हा मुद्रणदोष आहे असे आम्ही त्या वेळी विचारणाऱ्यांना सांगितले. तो मुद्रणदोष नव्हता.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. ‘त्याच्या’ म्हणायची सवय आहे, पण ते आता नातवंडांचे आजोबा आहेत. गुडघे दोघांचेही गेलेले. बोलणे अर्थातच प्रो कबड्डीवर गेले. ते म्हणाले, सिद्धार्थला सोडायला नको होते. आम्ही म्हणालो, थैलीचा हिशेब पाहता बरोबर होते. आणि त्यावर तासभर वाद झाला. त्यांची धाकटी नात शाळेच्या संघात चढाई करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात आपल्या कोरबा जिल्ह्यातील संजू देवी चढाईपटू होती; तिचे चित्र त्या मुलीने भिंतीवर लावले आहे. निघताना आम्ही छायाचित्राचा विषय काढला. ते म्हणाले, “आता कशाला?” पत्नी मात्र आतून म्हणाल्या, “छापा.”

या स्मरणिकेत ते छायाचित्र पुन्हा छापले जात आहे. चौथे नाव आम्ही संपादकांना आमच्या हस्ताक्षरात लिहून दिले आहे. आडनावातील वेलांटी दीर्घ आहे, तेवढी मुद्रिते तपासताना पाहावी, अशी त्यांना या व्यासपीठावरून विनंती आहे. कारण ती चुकली तर या खेपेस तो खरोखरीच मुद्रणदोष असेल आणि आमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.